नोटपॅडमधली क्रिकेट टीम

कॉम्प्युटरवरचा गेम म्हणजे वेळ वाया, असं आपण म्हणून टाकतो. आमच्या साताऱ्याच्या घरातही हेच चालतं. पण सांगलीच्या माझ्या भाचीनं मला त्या गेमच्या पोटात डोकवायला लावलं, आणि मी थक्कच झाले.

गेम जुना, ‘क्रिकेट ०७’. ईए स्पोर्ट्‌सनं तो २००६ मध्ये आणला आणि पुढं कॉम्प्युटरसाठी क्रिकेटचा नवा गेम काढलाच नाही. तरी आपल्याकडची मुलं तो वर्षानुवर्षं खेळत राहिली, कारण चाहत्यांनीच त्यात नवे संघ, नवे ड्रेस, नवी मैदानं घातली. अशा बदलांना ‘मॉड’ म्हणतात. बायकांचा संघ मात्र मूळ गेममध्ये नव्हताच. भाची म्हणाली, “आत्या, स्मृती मानधना आपल्या सांगलीत वाढली. २०२५ मध्ये भारतानं वर्ल्डकप जिंकला, त्या टीममध्ये होती. मग ती यात का नाही?”

आणि बसली की कामाला! आधी रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी. तिथं नाव बदललं, फलंदाजी डावखुरी केली. मग कॉन्फिग फाइल. ही गेमला दिलेल्या सूचनांची चिठ्ठीच. बहुतेक वेळा नोटपॅडमध्ये उघडते. डावीकडे सूचनेचं नाव, उजवीकडे आकडा. आकडा बदलला की गेमची चाल बदलते. आमटीत मीठ कमी-जास्त करावं तसं.

तिचे नियम ऐका. हात लावण्याआधी मूळ फाइलची कॉपी दुसऱ्या फोल्डरमध्ये. एका वेळी एकच बदल, मग खेळून बघायचं; म्हणजे बिघडलं तर कुठं, ते कळतं. सेव्ह करताना नावाच्या शेवटी ‘टीएक्सटी’ चिकटलं नाही ना, हे पाहायचं. नाहीतर गेमला फाइल सापडत नाही. आणि डाउनलोड केलेली फाइल व्हायरस तपासल्याशिवाय उघडायची नाही.

पडद्यावर नाव स्मृतीचं आलं, पण बॅट घेऊन उभा राहिला बाप्याच! चेहरा, बांधा वेगळ्या फाइलींत असतो. ती हसली आणि त्या फाइली शोधायला लागली. २०१७ च्या ‘अॅशेस क्रिकेट’ गेममध्ये बायकांचे संघ आले. म्हणजे अशक्य काहीच नव्हतं, मनावर घ्यायला हवं, इतकंच.

मैत्रिणींनो, घरात कॉम्प्युटर एकच असला की पहिला नंबर मुलाचा. मुलगी बसली की लगेच हाक, “ऊठ, कणीक मळायचीय.” पुढच्या वेळी ती हाक अर्धा तास उशिरा मारा. आणि ती काय करतेय, ते शेजारी बसून बघा तरी.