शेवाळ नव्हे, वसाहत
गोदीत जहाजाचे बूड खरवडताना निघणारे तांबूस-जांभळे झुडूप शेवाळच वाटते. पण ती बुगुला नेरिटिना या प्राण्याची वसाहत असते. भिंगाखाली प्रत्येक फांदीवर चिमुकल्या खोल्यांच्या दोन ओळी दिसतात. खोलीगणिक एक जीव, तोंडाभोवती स्पर्शकांचे कडे. लिनियसने १७५८ साली याला सर्टुलॅरिया प्रजातीत, हायड्रॉइडांच्या पंगतीला बसवले. परंतु हायड्रॉइडाला अन्न घेण्यास व मळ टाकण्यास एकच वाट; याचे गुदद्वार निराळे, तेही कड्याबाहेर. म्हणून याचा संघच वेगळा, ब्रायोझोआ. याच्या कित्येक भाऊबंदांना पक्ष्याच्या चोचीसारखे पहारेकरी असतात; याला नाहीत. मात्र एकाने मिळवलेले अन्न तंतूंवाटे शेजाऱ्यालाही पोचते. तेव्हा कुळी ठरवावी ती रूपावरून नव्हे, आतल्या रचनेवरून.