लाकडी घराची ऊब आणि बंद खिडकी

दिवाळी सरली, की महाराष्ट्रातील अनेक घरांत नाताळच्या सुट्टीचे बेत शिजू लागतात. महाबळेश्वर-माथेरान पाहून झालेले असते. मुलांना बर्फात खेळावयाचे असते, आजी-आजोबांना एकदा तरी हिमशिखरांचे दर्शन घ्यावयाचे असते. मग मनालीच्या आसपास, कुमाऊंत किंवा काश्मीरमध्ये दरीकाठचे एखादे लाकडी कॉटेज दोन-तीन रात्रींसाठी घेतले जाते. स्वेटर, कानटोप्या, औषधांचा डबा, चकल्या-चिवडा अशी सारी तयारी चोख असते. खोली उबदार कशी ठेवली जाणार आहे, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन या थंड हवेच्या ठिकाणी केरळमधील पंधरा पर्यटक मुक्कामाला उतरले होते. कडाक्याच्या थंडीमुळे त्यांतील दोन जोडपी आणि चार मुले असे आठजण एकाच खोलीत झोपले. खोलीत गॅसवर चालणारा हीटर लावलेला होता आणि दारे-खिडक्या आतून बंद होत्या. सकाळी ते बेशुद्धावस्थेत आढळले. हेलिकॉप्टरने काठमांडूला नेऊनही आठांपैकी एकही वाचला नाही.

अशा दुर्घटनांमागे बहुधा कार्बन मोनॉक्साईड हा वायू असतो. कोळसा, लाकूड किंवा गॅस जळताना पुरेसा प्राणवायू मिळाला, तर कार्बन डायऑक्साईड तयार होतो. तो अपुरा पडला, की कार्बन मोनॉक्साईडचे प्रमाण वाढते. बंद खोलीत ज्योत स्वतःच प्राणवायू खात असल्याने, सुरुवातीला व्यवस्थित जळणारा हीटरही काही तासांनी विषारी होऊ शकतो. त्यातच समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवर प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू मुंबईच्या तुलनेत जेमतेम तीन चतुर्थांश असतो.

या वायूला रंग नाही, वास नाही, त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा त्याची ओढ दोनशे पटींहून अधिक असते. त्यामुळे हवेतील त्याचे अल्प प्रमाणही तासा-दोन तासांत रक्तातील प्राणवायूची जागा बळकावते. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही, आणि आलीच तर उठून दारापर्यंत जाण्याचे त्राण उरत नाही.

डोंगरातील माणसे पिढ्यान् पिढ्या शेकोटीशेजारीच झोपत आली, मग त्यांना काही कसे होत नसे, अशी शंका येथे रास्त आहे. हिमाचलातील जुनी काठकुणी घरे पाहिली, म्हणजे तिचे बरेचसे उत्तर मिळते. देवदाराच्या तुळया आणि दगड यांचे एकाआड एक थर रचून, चुना-सिमेंटाविना ही घरे उभी राहत. तळमजल्यावर गुरे, वर माणसे आणि छपरावर पाटीच्या दगडांची कौले अशी त्यांची रचना. चुलीचा धूर फटींतून बाहेर पडे आणि बाहेरची हवा तशीच आत येई. धुराचा त्रास होई, फुप्फुसांचे विकारही जडत. परंतु घर श्वास घेत होते, आणि धूर कोंडला की माणूस खोकत जागा होत असे. आजचे पर्यटकी कॉटेज दिसायला लाकडी असले, तरी त्याच्या खिडक्या बहुधा दुहेरी काचेच्या असतात आणि फटी बुजवलेल्या असतात. पारंपरिक दिसणाऱ्या खोलीत पारंपरिक हवा नसते. भाडे मोजणाऱ्या पाहुण्याला वारा लागू नये, या सौजन्यापोटीच हा सापळा तयार होतो.

या मुक्कामात सर्वांत धोक्याची ठरते ती वीज गेल्यानंतरची वेळ. विजेचा हीटर बंद पडतो, मुले कुडकुडू लागतात आणि व्यवस्थापक तत्परतेने अंगीठी, म्हणजे कोळशाची शेगडी, आणून ठेवतो. ज्वाळा विझल्या, धूर थांबला आणि राखेखाली निखारे फुलले, की ती निर्धोक झाली असे सर्वांना वाटते. वस्तुतः धूर नसलेले धुमसते निखारेच हा वायू मोठ्या प्रमाणात सोडतात. खोलीत पाण्याची बादली ठेवल्याने तो शोषला जातो, ही समजूतही चुकीची. तो पाण्यात जवळपास विरघळतच नाही. खिडकी किंचित उघडी ठेवल्याने धोका कमी होईल, टळेलच असे नाही. झोपण्याच्या खोलीत कोळशाची शेगडी असूच नये. काश्मीर-लडाखमधील बुखारीला धूर बाहेर नेणारे नळकांडे असते, म्हणून ती तुलनेने बरी. पण नळकांडे काजळीने वा बर्फाने तुंबले, की तिचीही शेगडीच होते. न्हाणीघरातील गॅस गीझरलाही हाच नियम लागू आहे, आणि तो तर पुण्या-मुंबईच्या घरांतही असतो.

मोटारीतही हाच धोका असतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे हिमवादळात गाड्या अडकून वीसहून अधिक माणसे दगावली. मागची नळी बर्फाखाली गाडली गेली असता हीटरसाठी इंजिन चालू ठेवले, तर धूर आत शिरतो.

डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, गळून गेल्यासारखे वाटणे ही या विषबाधेची पहिली लक्षणे होत. विरळ हवेचा किंवा घाटातील वळणांचा त्रास समजून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. मात्र एकाच खोलीतील दोघा-तिघांना एकदम त्रास सुरू झाला आणि मोकळ्यावर जाताच बरे वाटले, तर संशय याच वायूचा घ्यावा. लहान मुलांचा श्वास जलद असल्याने त्यांना बाधा आधी होते. ब्रिटनमधील कोळसा खाणींत १९८६ पर्यंत पिंजऱ्यातील कॅनरी पक्षी नेत, तेही याच कारणाने. गर्भवतीच्या पोटातील बाळाला धोका आईहून अधिक असतो.

कोविडनंतर अनेक घरांत आलेला ऑक्सिमीटर येथे चक्क दिशाभूल करतो. कार्बन मोनॉक्साईडने व्यापलेले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूयुक्तच भासते आणि गुदमरणाऱ्या माणसाच्या बोटावरही तो ९८ दाखवू शकतो. उपयोगी पडतो तो या वायूचा बॅटरीवर चालणारा सूचक. तळहाताएवढे हे यंत्र प्रवासाच्या पिशवीत सहज मावते आणि झोपेतून उठवील इतक्या मोठ्याने वाजते.

बाधा झाल्याचा संशय येताच सर्वांना उघड्यावर आणावे, १०८ ला दूरध्वनी करावा आणि खोलीत काय जळत होते ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. रुग्णालयातील शुद्ध प्राणवायूने तेच काम सुमारे तास-दीड तासात होते. रुग्ण शुद्धीवर आला, म्हणून प्रकरण मिटले असेही नाही. विसराळूपणा, चिडचिड, चालताना तोल जाणे अशी लक्षणे काहींमध्ये दोन-तीन आठवड्यांनी, म्हणजे सहलीचे फोटो पाहून झाल्यावर, दिसू लागतात. अशा वेळी घरच्या डॉक्टरांना डोंगरावरच्या त्या रात्रीची माहिती द्यावी.