शहराचं भाडं – भाग 6 : पिकतं तिथे विकत नाही

कोकणातला माणूस मुंबईला का आला, या प्रश्नाचं उत्तर मागच्या भागात फारसं अवघड गेलं नाही. वरकस जमीन, खोताचा जाच, पावसाळा सरला की पाण्याची ओरड. पोट भरेना म्हणून गिरणीत. आज मुद्दाम असा मुलूख घेतला आहे, जिथे हे उत्तर लागू पडत नाही. तंजावर, म्हणजे कावेरीचा त्रिभुज प्रदेश. करिकाल चोळाच्या नावाने ओळखला जाणारा कल्लणैचा बंधारा पार केला की कावेरीच्या शाखाच शाखा होतात. वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी, अरसलार... प्रत्येक शाखेला कालवे, कालव्यांना पाट आणि पाटाकडेला भातखाचर. 1934 साली मेट्टूर धरण झालं. तेव्हापासून पाणी असेल त्या वर्षी 12 जूनला दरवाजे उघडायचे, हा तिथला पायंडा. मग भाताचं कुरुवै पीक आणि त्यामागून ताळडी, नाहीतर एकच लांब मुदतीचं सांबा. तमिळनाडूचं भाताचं कोठार म्हणतात ते यालाच.

आणि याच कोठारातून माणसं जात राहिली आहेत. 2001 ते 2011 या दहा वर्षांत तमिळनाडूची लोकसंख्या साडेपंधरा टक्क्यांनी वाढली, तंजावर जिल्ह्याची जेमतेम साडेआठ टक्क्यांनी. शेजारच्या नागपट्टिणम आणि तिरुवारूरचीही तीच गत. तिथे मुलं कमी जन्मतात, हे एक कारण आहेच. पण एवढ्याने हिशेब मिटत नाही. भात स्वस्त, घर बापजाद्यांचं, पाणी दाराशी; हे सोडून मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, दोन खोल्यांत पगारातला मोठा वाटा भाड्यात घालवायला माणूस का जातो?

आधी कोण गेलं ते पाहू. उपाशी होते ते नव्हे, ज्यांच्याकडे जमीन होती ते. समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेतेय 1961-62 मध्ये तंजावर जिल्ह्यातल्या एका गावात राहिले. पुस्तकात त्यांनी गावाला 'श्रीपुरम' असं टोपणनाव दिलं आहे. गावात 349 घरं, त्यांतली 92 ब्राह्मणांची, सगळी अग्रहारात, म्हणजे ब्राह्मण आळीत. ही मंडळी जमिनीची मालक, पण नांगराला हात लावणारी नव्हेत. शेत कुळाने कसायचं, यांनी खंड घ्यायचा. म्हणजे मालकाने गावात असण्याची गरजच नव्हती. खंड मद्रासमध्ये बसूनही मिळत होता, आणि मुलाला तिथे ठेवून शिकवायची सोय त्याच खंडातून होत होती. अग्रहारातली घरं चिंचोळी आणि लांबच लांब: पुढे खांबांची तिण्णै, म्हणजे आपली ओसरी, मग मधला उघडा चौक, आणि पार मागे परसदार. यांतली बरीच घरं आज कुलपात असतात आणि देवळाच्या कुंभाभिषेकाला चार दिवस उघडतात. 1952 नंतर कुळांच्या बाजूचे कायदे आले, मग कमाल जमीन धारणेचा आला, तेव्हा उरलेल्यांनीही जमिनी विकल्या. पण पाय त्याच्या कितीतरी आधी निघाला होता.

मराठी वाचकाला यातलं एक उदाहरण जवळचं वाटेल. सर टी. माधवराव 1828 साली कुंभकोणमला एका मराठी देशस्थ घरात जन्मले. त्या वेळी जवळच तंजावरच्या गादीवर भोसले होते, दरबार भरत होता, सरस्वती महाल ग्रंथालयात पोथ्या होत्या. पण 1799 च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला होता. राजाकडे उरला होता किल्ला आणि मान. हुशार मराठी मुलाने मराठी दरबार सोडून मद्रासच्या इंग्रजी शाळेची वाट धरली ती यामुळे. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचं दिवाणपद त्यांच्याकडे आलं. 1891 मध्ये ते वारले तेही मद्रासच्या मैलापूरलाच. तंजावरमध्ये नोकरी देणारा एकच होता आणि त्याचे हात बांधलेले होते. मद्रासमध्ये सरकार, कोर्ट, कॉलेज, बंदर, पेढ्या, सगळेच माणूस शोधत होते. पगाराच्या आकड्यापेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं. एका धन्याशी बिनसलं तर दुसऱ्याचं दार त्याच रस्त्यावर असतं, आणि शहराच्या भाड्यात या दुसऱ्या दाराची किंमत धरलेली असते.

नोकरीचं झालं, गुणाचंही तेच. श्रीनिवास रामानुजन कुंभकोणमला वाढला. वडील कापडाच्या दुकानात कारकून. तिथल्या सरकारी कॉलेजात त्याला शिष्यवृत्ती मिळाली आणि गणित सोडून बाकी विषयांत नापास झाल्यामुळे गेलीही. गावाच्या लेखी तो एक वाया गेलेला मुलगा. कागद परवडत नव्हता, म्हणून पाटीवर गणितं करायची आणि कोपराने पुसायची. उत्तर तेवढं वहीत. मद्रासला येऊनही त्याचे सुरुवातीचे दिवस हालाचेच गेले. पण कुंभकोणमला त्याला शिकवलेले शेषू अय्यर तोवर मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आले होते. 1 मार्च 1912 ला तो पोर्ट ट्रस्टमध्ये महिना 30 रुपयांवर कारकून म्हणून लागला, तर तिथले वरिष्ठ नारायण अय्यर हे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचे खजिनदार निघाले! बंदराच्या हिशेबखात्यात गणिती भेटणं हा योगायोगच. पण असे योगायोग घडायला एका गावात पुरेशी माणसं लागतात. जानेवारी 1913 मध्ये केंब्रिजचे गणिती हार्डी यांना पत्र गेलं, आणि त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने त्याला महिना 75 रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पाटी तीच होती, डोकंही तेच. वाचणारे मात्र मद्रासमध्ये होते.

पिकतं तिथे विकत नाही, असं आपण म्हणतो ते संगीताच्या बाबतीत तर अक्षरशः खरं ठरलं. कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज जवळजवळ आयुष्यभर तिरुवैयारूला राहिले. उंछवृत्तीने, म्हणजे गात गात दारोदार मिळेल तेवढ्या तांदळावर. ज्या गावात भात मुबलक तिथे हे जमत होतं. 1847 मध्ये ते गेले, 1855 मध्ये तंजावरची गादी खालसा झाली. दरबार संपला, पुढे देणगी देणारे जमीनदारही आटले आणि ऐकणारा वर्ग तर आधीच मद्रासला राहायला गेला होता. तिथे संगीत सभा निघाल्या, 1928 साली म्युझिक अकॅडमी स्थापन झाली, तिकीट काढून गाणं ऐकायची रीत पडली. मग गवई-वादकही निघाले. सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर, महाराजपुरम संतानम, उमयाळपुरम शिवरामन: नावाच्या पुढे गाव आहे, पत्ता मात्र चेन्नईचा. टी. नगरात तर महाराजपुरम संतानम यांच्या नावाचा रस्ताच आहे. त्रिभुज प्रदेशातल्या गावाची पाटी चेन्नईच्या एका महागड्या पेठेत लागली! चेन्नईत स्थिरावलेले कलावंत दर वर्षी त्यागराजांच्या आराधनेला तिरुवैयारूला जातात, कावेरीकाठी बसून पंचरत्न कृती म्हणतात आणि परततात.

मद्रासमध्ये सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांना वाटा देणारे आदेश 1920 च्या दशकात आले. तो वाटा न्याय्यच होता. त्यानंतर टायपिंग-शॉर्टहँड शिकलेली बरीच ब्राह्मण मुलं मुंबई-दिल्लीकडे वळली. माटुंग्यात आधीच आलेल्या पालघाटच्या आणि तंजावरच्या मंडळींकडे पथारी टाकायची आणि फोर्टातल्या एखाद्या कंपनीत चिकटायचं. 1932 मध्ये तिथे साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी निघाली, म्हणजे तोवर बिऱ्हाडं मुलाबाळांसकट स्थिरावली होती. या टायपिस्टांवर 1966 नंतर, म्हणजे शिवसेना निघाल्यावर, मुंबईत मराठी माणसाचा केवढा राग होता, ते सांगायला नको. आपलेच लोक तीनशे वर्षांपूर्वी नोकरीसाठी तंजावरला गेले होते, हे त्या वेळी कोणाच्या फारसं ध्यानात आलं नसावं.

इथवर अग्रहाराचं झालं. गावाबाहेरच्या चेरीतून, म्हणजे दलित वस्तीतून, शेतमजूर निघाला, त्याचं कारण वेगळं आणि जास्त उघडं आहे. पण्णैयाळ म्हणून जमीनदाराशी बांधलेल्या या माणसाच्या वाट्याला ते भाताचं कोठार कधी आलंच नाही. 25 डिसेंबर 1968 च्या रात्री, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणी गावात मजुरीवाढीच्या झगड्यातून 44 दलितांना एका झोपडीत जाळण्यात आलं. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं होती. अशा ठिकाणाहून निघालेल्या माणसाला शहर महाग आहे हे सांगून काय उपयोग? पुढे कापणीला यंत्रं आली, कावेरीच्या पाण्याचा भरवसा राहिला नाही, कामाचे दिवस घटले. माणसं तिरुप्पूरच्या होजिअरीत, चेन्नईच्या बांधकामांवर आणि जमलं तर सिंगापूर-आखाताकडे गेली. तिथे शनिवारी रोख मजुरी मिळते आणि घेताना खांद्यावरचा पंचा काढावा लागत नाही. शहरात जात पुसली जाते असं मी म्हणणार नाही. चेन्नईत भाड्याचं घर शोधताना 'फक्त शाकाहारी' ही अट ऐकलेल्याला तिचा अर्थ बरोबर कळतो. पण गावात अख्खं आयुष्य एकाच मालकाच्या नजरेखाली जातं, इथे संध्याकाळी सहानंतर तो मालक नसतो.

आता भाड्याकडे येऊ. चेन्नईत घर घेताना दहा महिन्यांचं भाडं आगाऊ ठेवायची रीत होती. 2017 च्या कायद्यात तीन महिन्यांची मर्यादा आली, पण करारात वेगळं लिहायची मुभाही राहिली. अशा शहरात नवा माणूस राहतो कुठे, याचं उत्तर 2011 च्या जनगणनेत आहे. चेन्नई जिल्हा दहा वर्षांत अवघा सात टक्क्यांनी वाढला, आणि तांबरमसारखी उपनगरं तेव्हा ज्यात होती तो लगतचा कांचीपुरम जिल्हा जवळपास 39 टक्क्यांनी. म्हणजे महागाई माणसाला शहरापासून परतवत नाही, शहराच्या काठावर नेऊन बसवते. तो भाड्यात वाचवतो ते लोकलच्या गर्दीत रोज थोडं थोडं फेडतो. आपल्याकडे विरार-बदलापूरचं याहून वेगळं काही नाही. शहर सगळ्यांना सारखंच फळतं असंही नाही. टायपिस्टाच्या मुलाने फ्लॅट घेतला, बांधकामावरच्या मजुराचा मुलगा अजून पत्र्याखाली आहे. तरीही गावी परतण्याची घाई दोघांनाही नाही.

पुढच्या भागात शहरातून परतलेल्यांविषयी लिहायचं आहे. त्यासाठी वाचकांकडे एक मागणं: तुमच्या घरातून शहरात पहिलं कोण गेलं, कोणत्या साली, आणि जाताना त्यांच्या खिशात कोणाचा पत्ता होता, हे चार ओळींत कळवा.