रिक्त पदं आणि न मोजलेली माणसं

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. माझ्या नावाआधी 'डॉक्टर' लागतं, पण ते तत्त्वज्ञानातलं. एकदा रेल्वेत आरक्षणाच्या यादीत नाव वाचून एक गृहस्थ मध्यरात्री मला उठवायला आले. त्यांच्या आईच्या छातीत दुखत होतं. पुढच्या स्टेशनावर खरा डॉक्टर येईपर्यंतचा पाऊण तास मी नुसता बसून होतो. त्यामुळे आरोग्यसेवेत माणसं कमी आहेत, हे मी नाकारणार नाही. माझा प्रश्न एवढाच, की कमी आहेत असं म्हणताना आपण मोजतो कोणाला?

सरकारी हिशोब लोकसंख्येवर चालतो. सपाट भागात ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी व आदिवासी भागात २०,००० मागे एक. उपकेंद्र अनुक्रमे ५,००० आणि ३,००० मागे. अशाच एका केंद्राच्या भिंतीवर मी फलक वाचला: मंजूर पदं, भरलेली पदं, रिक्त पदं. वैद्यकीय अधिकारी होते, परिचारिका होत्या, शिपाईसुद्धा होता. आशा मात्र त्यावर कुठेच नव्हती. का? कारण तिला 'पद'च नाही! २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा नेमायचं ठरलं, पण ती 'स्वयंसेविका' म्हणून.

आता हे काम किरकोळ आहे का, ते बघू. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यदूतांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं: वजन करणं, बाळाला ऊब देणं, श्वास अडला तर काय करायचं, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविक देणं. ३९ गावांत काम केलं, ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. १९९९ साली 'लॅन्सेट'ने तो निबंध छापला. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने घरी जाऊन बाळ तपासण्याचं काम देशभरातल्या आशांकडे दिलं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ४२ दिवसांत सहा भेटी, आणि सगळ्या भेटी झाल्या की २५० रुपये.

इथे शब्दांकडे नीट बघा. नोकराला 'वेतन' मिळतं, हिला 'मोबदला' आणि 'मानधन'. मानधन म्हणजे मान राखण्यासाठी दिलेलं धन, व्याख्यात्याला देतात ते. मला मिळतं, तर ठीक आहे, माझं पेन्शन चालू आहे. पण वेतनाबरोबर रजा येते, निवृत्तिवेतन येतं, आजारपणाची सोय येते. मानधनाबरोबर यांतलं काहीच आपोआप येत नाही. २०२४ च्या सुरुवातीला आशा आझाद मैदानावर बसल्या होत्या, त्या मानधनवाढीसाठी. काम नोकराचं आणि नाव स्वयंसेवकाचं, यात अन्याय तर आहेच, पण विसंगतीही आहे. तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला ती जास्तच टोचते.

तुम्ही म्हणाल, "सर, आशा काही सिझेरियन करणार नाही." अगदी बरोबर. त्यासाठी शल्यचिकित्सक लागतो, भूलतज्ज्ञ लागतो, आणि तालुक्याला तो नसेल तर बाई वाटेत जाते. त्यावर आपण उपाय काढला बंधपत्राचा. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालात, की एक वर्ष सेवा द्या. बंधपत्र वर्षभर माणूस पाठवतं, पण राहण्याचं कारण देत नाही. कारण म्हणजे न गळणारं घर, मुलांना बरी शाळा, दवाखान्यात औषध आणि सोबतीला दुसरा डॉक्टर. एकटा माणूस चोवीस तास कर्तव्य करू शकत नाही. तशी अपेक्षा ठेवणं हीच आपली चूक आहे.

म्हणून मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. डॉक्टरांची पदं भरा, पण तिथे माणूस टिकेल असं गाव आणि दवाखाना आधी उभा करा. आणि जी माणसं टिकलेलीच आहेत, जी त्याच गावात राहतात, त्यांना पद द्या, वेतन द्या, पुढे परिचारिका होण्याची वाट द्या. पुढच्या वेळी आरोग्य केंद्रात गेलात तर तो फलक जरूर वाचा, आणि आशांचा रकाना कुठे आहे, हे तिथल्या अधिकाऱ्यांना विचारा.

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.