तर्री वर का येते?

पुण्यात मिसळीबरोबर जादा मागितलेल्या ‘सॅम्पल’मध्ये मटकी नसतेच म्हणा ना; असतो तो नुसता कट. त्यावरचा तांबडा तवंग म्हणजे तर्री.

मिरचीतील तांबडी रंगद्रव्ये आणि तिखटपणा आणणारे कॅप्सेसिन तेलात विरघळतात, पाण्यात जवळजवळ नाहीच. म्हणून मसाला आधी तेलात परततात, मग पाणी घालतात. तेल पाण्यापेक्षा हलके, त्यामुळे ते रंग आणि तिखटपणा घेऊन वर येते.

वर्गात करून पाहा: दोन परीक्षानळ्यांत चिमूटभर तिखट घ्या. एकीत पाणी, दुसरीत गोडेतेल घालून हलवा व स्थिर ठेवा. कोणता द्रव अधिक लाल झाला? नंतर हात साबणानेच धुवा. नुसते पाणी का पुरत नाही, हे विद्यार्थ्यांना सांगू द्या.

तोंड पोळले तरी हेच. पाण्यापेक्षा दूध बरे. त्यातील केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून ठेवते.