लिंबू, लघवी आणि रक्ताचा सामू

लिंबू जिभेला आंबट लागतं, तरी ‘अल्कलाइन डाएट’च्या तक्त्यात ते अल्कलीच्या रकान्यात असतं. हे कसं? या आहारात चव मोजत नाहीत, पदार्थ पचल्यावर मागे काय उरतं ते पाहतात. लिंबातलं सायट्रिक आम्ल शरीरात जळून जातं आणि त्यातल्या सायट्रेट क्षारांपासून बायकार्बोनेट उरतं. डाळ, अंडी, मासे, मटण यांच्या प्रथिनांत गंधक असतं. त्यातून थोडं सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. इथवरचं रसायनशास्त्र खरं आहे.

गडबड पुढे आहे. ‘आम्ल’ पदार्थांनी रक्त आम्ल होतं, त्यातून हाडं झिजतात, कॅन्सर होतो, असं सांगितलं जातं. पण रक्ताचा सामू, म्हणजे पीएच, ७.३५ ते ७.४५ एवढ्याच पट्ट्यात राहतो. श्वासाचा वेग बदलून फुप्फुसं काही मिनिटांत तो सावरतात. उरलेलं आम्ल मूत्रपिंडं लघवीवाटे बाहेर टाकतात. निरोगी माणसानं दुपारी पालक खाल्ला काय किंवा चिकन, रक्ताचा सामू जागचा हलत नाही. महागडं अल्कलाइन पाणीसुद्धा आधी जठरातल्या तीव्र आम्लातच पडतं.

घरी लघवीत पीएचची पट्टी बुडवून ‘शरीर आम्ल झालंय’ असं ठरवणारे पुष्कळ आहेत. पट्टीचा रंग बदलतो तो मूत्रपिंडानं आपलं काम चोख केल्यामुळे. त्यावरून रक्ताचा अंदाज बांधता येत नाही.

हाडांचं म्हणाल, तर प्रथिनं वाढली की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं, हे निरीक्षण बरोबर आहे. मात्र आतड्यातून ते शोषलंही जास्त जातं. या भीतीनं शाकाहारी घरातली आजी वरण कमी करू लागली, तर तिच्या हाडांचं आणि स्नायूंचं नुकसानच होईल.

कॅन्सरच्या बाबतीत जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांचं नाव पुढे केलं जातं. गाठीतल्या पेशी ऑक्सिजन असतानाही साखर आंबवून लॅक्टिक आम्ल तयार करतात, असं त्यांना आढळलं होतं. म्हणजे ते आम्ल गाठच तयार करते. ताटातून ते येत नाही. २०१६ मध्ये ‘बीएमजे ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात यावरच्या अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. निकषात बसणारा एकच अभ्यास सापडला, आणि त्यात आहारातल्या आम्लाचा मूत्राशयाच्या कॅन्सरशी संबंध दिसला नाही.

या आहाराचा अमेरिकेतला मोठा प्रचारक रॉबर्ट यंग. ‘द पीएच मिरॅकल’ या पुस्तकाचा लेखक. परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल तो २०१६ मध्ये दोषी ठरला. त्याच्या सल्ल्यानं नेहमीचे उपचार टाळलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या एका रुग्ण स्त्रीला २०१८ मध्ये सॅन डिएगोच्या ज्युरीनं १० कोटी ५० लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. तोवर तिचा आजार शेवटच्या टप्प्यात पोचला होता.

मग या आहारानं लोकांना बरं का वाटतं? भाज्या-फळं वाढतात, तळण, साखर आणि पाकिटातलं खाणं सुटतं, म्हणून. तेवढं जरूर करा. त्यासाठी पट्टी लागत नाही, अल्कलाइन पाण्याचं यंत्रही लागत नाही.

मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात मात्र रक्तात खरोखर आम्ल साठू शकतं. तिथे डॉक्टर सोडा-बायकार्बच्या गोळ्या देतात, कधी फळं-भाज्या वाढवायलाही सांगतात. पण त्याच रुग्णाला शहाळं, केळी किंवा पालेभाजीतलं पोटॅशियम हृदयाला घातक ठरू शकतं. घरात असा रुग्ण असेल, तर आधी रक्तातलं पोटॅशियम तपासून घ्या आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याच्या ताटात काहीही बदलू नका.