गवारीचा डिंक पोटात जातो तेव्हा

गवारीची भाजी पाहून नाक मुरडणारी मुले आईस्क्रीम मात्र मिटक्या मारीत खातात. त्या आईस्क्रीमच्या वेष्टनावर 'स्टॅबिलायझर ४१२' असे छापलेले असेल, तर तीही गवारच! राहुरी-संगमनेरच्या बाजारात आपण घेतो ती कोवळी शेंग. शेंगा झाडावरच पक्व होऊन वाळल्या, की त्यांतल्या बियांपासून 'गवार गम' नावाची पांढरट पूड करतात. जगातील सुमारे ८० टक्के गवार आपल्या देशात पिकते, त्यातही राजस्थान आघाडीवर. पूड काढून उरलेला कोरमा दुभत्या जनावरांच्या खुराकात जातो. म्हणजे आपल्या दुधाशीही गवारीचे नाते आहेच.

चिमूटभर पूड पाण्यात फुगून दाटपणा आणते. आईस्क्रीममध्ये बर्फाचे मोठे खडे होत नाहीत, सॉसला पाणी सुटत नाही. यासाठी ती सहसा एक टक्क्याहूनही कमी लागते. तेवढ्याने निरोगी माणसाने घाबरण्याचे कारण नाही. मात्र आईस्क्रीममधली साखर ४१२ पेक्षा कितीतरी अधिक घातक, हे कुणी पाहात नाही.

ही पूड म्हणजे विरघळणारा चोथा. जेवणाबरोबर पुरेशी घेतली तर अन्न जठरातून सावकाश पुढे सरकते, त्यामुळे जेवणानंतरची रक्तातील साखर एकदम चढत नाही. कोलेस्टेरॉलही थोडे उतरते. हे वाचून काही मधुमेही मंडळी परस्पर पूड आणून चमच्याने खाऊ लागतात. इथेच धोका आहे. कमी पाण्याबरोबर घेतली तर ती घशातच फुगते. अमेरिकेत वजन घटविण्यासाठी अशा गोळ्या विकल्या जात. त्या अन्ननलिकेत अडकून अनेकांना रुग्णालयात जावे लागले आणि १९९० साली तेथील सरकारी यंत्रणेने त्या बाजारातून काढायला लावल्या.

शिवाय पोट फुगते, वायू धरतो, जुलाबही होतात. गवारीच्या भाजीला ओव्याची फोडणी देणाऱ्या आजीला हे ठाऊक होते! आणखी एक गोष्ट: मेटफॉर्मिनसारख्या गोळ्यांचे शोषण या पुडीने कमी होऊ शकते. म्हणून गोळी व पूड एकाच वेळी नको. दोहोंत किती अंतर ठेवायचे ते आपल्या डॉक्टरांना विचारा. गिळताना त्रास होणाऱ्यांनी किंवा अन्ननलिका, आतडे अरुंद झालेल्यांनी ती घेऊच नये.